‘पुस्तकच बरं होतं’ असं नेमकं म्हणतंय कोण?

गाजलेल्या कादंबरीवर सिनेमा आला की थिएटरबाहेरच्या घोळक्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘पुस्तकच बरं होतं.’ संशोधनाची तयारी करणारे बरेच विद्यार्थीही याच वाक्यापासून सुरुवात करतात. विषय सुचतो: अमुक कादंबरी, तिच्यावरचा चित्रपट आणि प्रेक्षकांची मतं. पद्धतही ठरलेली असते. प्रश्नावली तयार करायची, शंभरेक जणांकडून भरून घ्यायची, पाय-चार्ट काढायचा आणि ‘बहुसंख्य प्रेक्षकांना मूळ कादंबरी अधिक आवडली’ असं लिहून मोकळं व्हायचं.

आजचा लेख या निष्कर्षाबद्दल आहे. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि आता सिनेमाच्या प्रेक्षकांच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या काही सवयी अजून सुटलेल्या नाहीत. त्यातली एक म्हणजे डिटेक्शन लिमिट विचारण्याची. एखाद्या यंत्राने पाण्यात आर्सेनिक दाखवलं नाही, तर ‘आर्सेनिक नाही’ असं आपण लिहीत नाही. ‘या यंत्राच्या मर्यादेखाली’ असं लिहितो. इतिहासाचे कागद हेही एक यंत्रच आहे, आणि त्यालाही अशी मर्यादा असते. मला सांगायचंय ते एवढंच: ज्याला आपण प्रेक्षकांचं मत म्हणतो ते बहुतेक वेळा वाचकांचं मत असतं. ज्यांनी सिनेमा पाहिला पण पुस्तक वाचलं नाही, किंवा ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांचं मत कागदावर जवळजवळ उमटतच नाही. उदाहरण म्हणून ‘श्यामची आई’ घेते आणि जागा म्हणून आपला वर्धा जिल्हा.

थोडी पार्श्वभूमी

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. याला कादंबरी म्हणायचं की आठवणी, यावर वाद घालता येतो. पण मराठी घरांनी ते कादंबरीसारखंच वाचलं. रोज रात्री श्याम आपल्या मित्रांना आईची एक गोष्ट सांगतो, म्हणून प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं. चित्रपट आला मार्च १९५३ मध्ये. दिग्दर्शक आचार्य अत्रे, आईच्या भूमिकेत वनमाला, श्याम झाला होता माधव वझे, संगीत वसंत देसाई यांचं. साने गुरुजी जून १९५० मध्येच गेले होते. म्हणजे लेखकाचं मत या बाबतीत आपल्याला कधीच मिळणार नाही. १९५४ मध्ये पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले, त्यात याच चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

वर्ध्याशी साने गुरुजींचं नातं वेगळ्या वाटेने आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेतली साने गुरुजींनी. पवनारला आश्रमात जाणाऱ्या कुणालाही ‘गीता प्रवचने’ ठाऊक असतं, पण ते कुणाच्या हाताने कागदावर उतरलं हे विचारलं तर अनेकजण थांबतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा तपशील कामाचा आहे. बोललेलं तेव्हाच टिकतं, जेव्हा शेजारी बसून कुणीतरी लिहून घेत असतं.

आता पुरावा काय काय आहे ते पाहू. पुरस्कार आहे, पण ते समितीचं मत. समीक्षा असतील, पण त्या लिहिणाऱ्या माणसांच्या. चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत. अशा पुस्तिकांत गोष्ट अर्धी सांगून ‘पुढचं पडद्यावर पाहा’ म्हणायची पद्धत होती, म्हणजे ती जाहिरात झाली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका आणि पोस्टर्स जपून ठेवलेली असतात. हे सगळं मोलाचं आहे. पण यात तिकीट काढून आत बसलेल्या माणसाचा आवाज कुठे आहे?

तेव्हा वाचता कुणाला येत होतं?

आता एक आकडा घ्या. १९५१ च्या जनगणनेत भारतातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती. बायकांची सुमारे ९ टक्के. हे देशाचे आकडे आहेत. जिल्ह्याजिल्ह्यात आणि गाव-शहरात फरक असणारच. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: १९५३ साली जी बाई हा चित्रपट पाहायला बसली होती, तिला ते पुस्तक स्वतः वाचता येत नसण्याचीच शक्यता जास्त होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या वर्धा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८७ टक्के आहे. आजच्या प्रश्नावलीत ‘आपण मूळ पुस्तक वाचले आहे का?’ हा प्रश्न अगदी सहज वाटतो, कारण आपण या ८७ टक्क्यांच्या जगात उभे आहोत.

मग पुस्तक लाडकं होतं म्हणजे नेमकं कसं? शाळेतल्या पोरांनी घरी मोठ्याने वाचून दाखवलं असेल. गुरुजींनी वर्गात सांगितलं असेल. अशा घरात आईने पुस्तक ऐकलेलं असतं, वाचलेलं नसतं. आणि ज्या घरात शाळेत जाणारं पोरच नव्हतं, त्या घरातल्या बाईला ही गोष्ट पहिल्यांदा कळली असेल तर पडद्यावरच. तिच्यासाठी सिनेमा हे रूपांतर नव्हतंच. तीच मूळ गोष्ट होती. तिला ‘पुस्तक बरं की सिनेमा बरा’ असं विचारणं म्हणजे जो पदार्थ नमुन्यात टाकलेलाच नाही तो मोजायला घेण्यासारखं आहे.

वर्धा मुंबई राज्यात नव्हतं

इथे जागेचा मुद्दा येतो, आणि वर्ध्याच्या विद्यार्थ्यांनी याकडे खास लक्ष द्यायला हवं. १९५३ साली वर्धा मुंबई राज्यात नव्हतं. ते जुन्या मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणून त्या काळचे करमणूक कराचे किंवा थिएटर परवान्यांचे सरकारी कागद मुंबईच्या दप्तरात शोधून उपयोग नाही. सुरुवात नागपूरपासून करावी लागते.

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा तर आजही जुनाच आहे. वितरणाच्या भाषेत विदर्भ मुंबई सर्किटमध्ये येत नाही, सी.पी.-बेरार सर्किटमध्ये येतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड कागदावरून कधीच गेले, पण सिनेमाच्या हिशेबात अजून जिवंत आहेत. याचा अर्थ, मुंबईत चित्रपट लागल्याची तारीख ही वर्ध्यातली तारीख धरता येत नाही. कोणता खेळ कोणत्या गावात कधी लागला हे नागपूरच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरून तपासायचं. जाहिरात हा फार प्रामाणिक कागद आहे. चित्रपट चांगला आहे असं ती सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. पण कुठे आणि कधी लागलाय, याबद्दल खोटं बोलणं तिला परवडत नाही.

शिवाय पडद्यावरचं जग बघा. नारळीपोफळी, समुद्र, दापोलीजवळचं पालगड, खोतांचं मोडकळीला आलेलं घर. आणि बघणारा माणूस कापसाच्या शेतातून आलेला, घरी आईला ‘माय’ म्हणणारा. त्याला यातलं काय आपलं वाटलं आणि काय परकं? पुण्यात लिहिलेल्या समीक्षेत याचं उत्तर मिळायची शक्यता कमीच.

आणखी एक प्रसंग आहे. पुस्तकात एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते आणि घरी आल्यावर आंघोळ कर म्हणते. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली सर्वांना खुलं केलं. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी उपोषण केलं. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. या सगळ्याच्या मधे राहणाऱ्या दोन घरांनी, एक सवर्ण आणि एक दलित, हा प्रसंग सारखाच ऐकला असेल का? एकाला त्यात आईचं मोठेपण दिसेल, दुसऱ्याला त्या आंघोळीचं काय असा प्रश्न पडेल. ‘प्रेक्षकांचं मत’ असं एकवचनी लिहिलं की हा फरक पुसला जातो.

चार बाटल्या, चार लेबलं

प्रयोगशाळेत नमुने मिसळू नयेत म्हणून आपण बाटल्यांवर लेबलं लावतो. मतं गोळा करतानाही तेच करायचं.

पहिली बाटली: आधी वाचलं, मग पाहिलं. ‘पुस्तकच बरं होतं’ हे वाक्य बहुतेक इथूनच येतं. हे लोक लिहितात, बोलतात, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज यांचा.

दुसरी: आधी पाहिलं, मग वाचलं. यांच्या डोळ्यांसमोर वाचतानाही वनमालाबाईच असतात. पुस्तकात काहीतरी जास्तीचं आहे किंवा एखादं गाणं नाही, असं यांना जाणवतं. म्हणजे तुलनेची दिशाच उलटी.

तिसरी: फक्त पाहिलं. १९५३ साली ही बाटली बहुधा सगळ्यात मोठी होती आणि कागदावर सगळ्यात रिकामी आहे.

चौथी: वाचलंही नाही, पाहिलंही नाही, पण मत आहे. हसू नका, ही बाटली फार उपयोगाची आहे. केमिस्ट्रीत आपण ‘ब्लँक’ चालवतो. नमुना न टाकता यंत्र काय दाखवतं ते पाहतो, म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट कळतो. या लोकांना ‘श्यामची आई’ कशाबद्दल आहे असं विचारलं की समाजात त्या नावाभोवती काय तरंगतंय ते कळतं: संस्कार, रडू, सोशिकपणा. पहिल्या तीन गटांच्या उत्तरांतही नेमके हेच शब्द आले, तर ते मत पाहण्यातून आलं की हवेतून, हा प्रश्न विचारायलाच हवा.

अशा मताचं एक नामांकित उदाहरण आहे. १९२७-२८ मध्ये ब्रिटिश सरकारने सिनेमाची चौकशी करायला रंगाचारी समिती नेमली होती. समितीने गांधीजींनाही प्रश्नावली पाठवली. आपण सिनेमा कधी पाहिलेलाच नाही, असं त्यांनी कळवलं, आणि तरी सिनेमाने केलेलं नुकसान बाहेरच्यालाही दिसतं, असं मत नोंदवलं. पुढे १९३४ मध्ये ते वर्ध्याला आले. इथल्या घरांत सिनेमाबद्दल काय बोललं जात होतं, पोरींना थिएटरात पाठवत होते की नाही, हे समजून घ्यायला अशी न पाहता दिलेली मतंही पुरावाच आहेत.

आठवण कुठून आली?

आता सगळ्यात अवघड भाग. तिसऱ्या बाटलीतल्या माणसांपर्यंत पोचायचं तर मुलाखती घ्याव्या लागतात, आणि मुलाखतीत मिळते ती आठवण. मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आठवणीच्या उगमावर मोठं काम केलंय. माणसाला गोष्ट आठवते, पण ती वाचली होती, ऐकली होती की पाहिली होती, याचा शिक्का आठवणीवर नेहमी स्पष्ट नसतो. मेंदू तो अंदाजाने लावतो.

‘श्यामची आई’च्या बाबतीत हा घोळ जास्तच होणार, कारण पुस्तक, शाळेतला धडा, सिनेमा आणि रेडिओवरची गाणी सगळं एकाच नावाखाली साठलंय. इथे आपण ट्रेसर वापरू शकतो. ‘भरजरी गं पितांबर’ हे गाणं अत्र्यांनी लिहिलं, आशा भोसल्यांनी गायलं, ते चित्रपटाचं. कुणी म्हणालं, ‘पुस्तकातलं ते द्रौपदीचं गाणं मला फार आवडायचं’, तर त्या माणसाच्या पुस्तकात सिनेमा मिसळलाय हे लगेच कळतं. याला चूक म्हणून खोडू नका. पन्नास-साठ वर्षांत दोन गोष्टींची एक गोष्ट कशी झाली, हाच तुमचा शोध आहे. मोळीचा प्रसंगही असाच वापरता येतो. ‘हा तुम्ही सिनेमात पाहिला का?’ असं विचारा, उत्तर नोंदवा आणि मग चित्रपट पुन्हा लावून पडताळा.

ब्रिटनमध्ये अॅनेट कुन या अभ्यासक बाईंनी १९३० च्या दशकातल्या प्रेक्षकांच्या अशाच मुलाखती घेतल्या. लोकांना चित्रपटांची नावं आणि कथा कमी आठवत होत्या. थिएटरपर्यंतची वाट, सोबतची माणसं, आतला अंधार जास्त आठवत होता. म्हणून ‘चित्रपट आवडला का?’ असा पहिला प्रश्न टाकू नये. त्याला ‘हो, छान होता’ एवढंच उत्तर येतं.

नंतर काय बदललं?

आता २०१३ चा ‘दुनियादारी’ घ्या. सुहास शिरवळकरांची कादंबरी कॉलेजच्या पिढ्यांनी हातोहात वाचलेली. संजय जाधवांच्या चित्रपटात शेवट आणि काही पात्रांची घडण वेगळी झाली, आणि अनेक वाचकांनी जाहीर नाराजी दाखवली. चित्रपट मात्र तुफान चालला. तिकीटबारी आणि वाचकांची नाराजी एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, कारण ती दोन वेगळ्या बाटल्यांतली आहेत. १९५३ आणि २०१३ मध्ये फरक असा की आता पहिल्या बाटलीतल्या प्रत्येकाच्या हातात फोन होता. म्हणून ‘पूर्वीचे प्रेक्षक समजूतदार होते, आताचे तक्रारखोर झाले’ असं लिहायचा मोह टाळा. यंत्र जास्त संवेदनशील झालंय, एवढंच आपण खात्रीने म्हणू शकतो.

उलट उदाहरणही आहे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर सुजय डहाकेंचा मराठी चित्रपट २०१२ मध्ये लागला, आणि त्याची चर्चा बरीच झाली. त्याआधी २००७ मध्ये त्याच कादंबरीवर ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट येऊन गेला होता. त्यावर वाचकांचा फारसा गदारोळ ऐकू येत नाही. याचा अर्थ तो त्यांना पटला असा घ्यायचा का? नाही. आधी किती जणांनी पाहिला ते विचारायचं.

चौथी बाटलीही आता मोठी झाली आहे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरचा ‘बाजीराव मस्तानी’ डिसेंबर २०१५ मध्ये लागायच्या आधीच ‘पिंगा’ गाण्यावरून वाद झाला. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरचा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्याआधीच ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आले आणि ते दृश्य काढलं गेलं. दोन्ही वेळा तक्रार ‘कादंबरीत असं नाही’ ही नव्हती, ‘इतिहासात असं नाही’ ही होती. म्हणजे ‘मूळ’ कशाला म्हणायचं हेच बदललं.

आणि २०२३ मध्ये डहाकेंनीच ‘श्यामची आई’ पुन्हा केला, तोही कृष्णधवल. त्यात मोठेपणीचे साने गुरुजी ओम भूतकरने साकारले आहेत. आता ‘मूळच बरं होतं’ असं कुणी म्हणालं, तर विचारावं लागतं: मूळ म्हणजे १९३३ चं लिखाण की १९५३ चा सिनेमा?

आईचं मत कोण सांगणार?

आता साधी वजाबाकी करा. १९५३ साली १० वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशी ओलांडून गेलंय. तेव्हा तिशीत असलेली आई आता भेटणार नाही. म्हणजे हा चित्रपट ज्यांच्याबद्दल होता त्या वयाच्या बायकांचं मत थेट मिळण्याची वेळ निघून गेली. आता ते मिळालं तर त्यांच्या मुलांकडून: ‘माय रडली होती’, ‘माय म्हणाली, मी नाही येत’, ‘माय दोनदा गेली होती’. पुस्तकाचीही रचना नेमकी हीच आहे. आईबद्दल जे कळतं ते श्याम सांगतो म्हणून. तिने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. वर्ध्यातल्या आयांचं मत शोधताना आपल्यालाही श्यामलाच विचारावं लागणार आहे, आणि तो काय गाळतो, काय गोड करून सांगतो याची नोंद ठेवावी लागणार आहे. हे श्यामही आता फार दिवस भेटणार नाहीत. कागद आणखी दहा वर्षांनीही दप्तरात असतील, म्हणून क्रम बदला: आधी माणसं, मग दप्तर.

सुरुवात कशी करायची

१. विद्यापीठाच्या नियमांनुसार परवानगी आणि समोरच्याची संमती आधी घ्या. खरी नावं प्रबंधात टाकू नका.

२. पहिला प्रश्न जागेचा ठेवा. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव की जत्रेतली तंबूची टॉकीज? सोबत कोण होतं? तिकीट कुणी काढलं? घरी कोण राहिलं? शेवटचा प्रश्न सोडू नका. सिनेमाला न गेलेली बाई तिथेच सापडते.

३. घरात तेव्हा कुणाला वाचता येत होतं ते विचारा. पुस्तक घरात होतं का, कोण वाचून दाखवायचं?

४. गाणं किंवा फोटो शेवटी दाखवा. आधी दाखवलात तर पुढची सगळी आठवण त्याच रंगाची होते.

५. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘माय’ म्हणाले तर ‘आई’ करू नका.

६. प्रत्येक उत्तराला वरच्या चारपैकी एक लेबल लावा. ठरवता येत नसेल तर ‘मिश्र’ लिहा, ओढूनताणून बसवू नका.

७. तारखा जाहिरातींवरून तपासा, पण तारीख चुकली म्हणून आठवण टाकून देऊ नका.

मी सध्या जिल्ह्यातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांशी याच पद्धतीने बोलते आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी आजी-आजोबा असतील, तर पाय-चार्टचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी या रविवारी त्यांच्याजवळ तासभर बसा. दुसरा आणि तिसरा प्रश्न तेवढा विचारा. पुढच्या लेखात संमतिपत्र सोप्या मराठीत कसं लिहायचं आणि ते वाचता न येणाऱ्या माणसाची संमती कशी नोंदवायची, ते पाहू.